जहाजावरच्या बाल्कनीविषयी खरं काय ते

आमच्या बेंगळूरच्या जयनगरात किंवा आसपासच्या मराठी घरांत कुणी परदेशी बोटीने फिरायला निघालं, की निघण्याआधी एकदा माझ्याकडे येऊन जातं. बाल्कनीची खोली मिळाली असेल तर तिचा आनंद कसा घ्यावा, हे मला विचारायचं असं गेली काही वर्षं ठरूनच गेलं आहे. मी त्यांना बसवतो, आतून कॉफी येते, आणि मी कागदावर खोलीचा आराखडा काढून देतो. जन्मभर एका सरकारी कारखान्यात यंत्रांचे आराखडे काढल्यामुळे तो प्रमाणशीर येतो. पलंग कुठे, काचेचं दार कुठे, खुर्ची कुठे आणि तिचं तोंड कुणीकडे. मंडळी तो कागद जपून नेतात आणि परत आल्यावर सांगतात, तुम्ही म्हणालात अगदी तसंच.

मला मिळालेला हा मान दुसऱ्या कुणाचा तरी आहे. तो ज्यांचा आहे त्यांच्याबरोबर पुढच्या महिन्यात पुन्हा त्याच समुद्रावर जायचं आहे. त्याआधी झालेला प्रवास जसा झाला तसा एकदा लिहून ठेवतो. माझं वय आता सत्तरीकडे झुकलं आहे आणि खोट्या गोष्टी लक्षात ठेवायला खऱ्यापेक्षा जास्त स्मरणशक्ती लागते.

सिंगापूर

गेलो होतो चौघं. मी, माझी बायको शालिनी, तिचे थोरले भाऊ गोविंदअण्णा आणि अण्णांच्या पत्नी इंदिरावहिनी. अण्णांचा यशवंतपूरच्या बाजारात गुळाचा आणि चिंचेचा ठोक व्यापार. दुकानामागेच घर. लग्न होऊन वहिनी त्या घरात आल्या त्या वर्षी शेजारी गोदाम उभं राहिलं, आणि तेव्हापासून त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून गोदामाची भिंत दिसते. भिंत चांगली आहे, दर दिवाळीला तिला चुना देतात. माझ्या जयनगरच्या घराला मात्र बाल्कनी आहे आणि समोर होंगेची, म्हणजे करंजाची, दोन झाडं आहेत. हे आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढे जे घडलं ते यामुळे जास्त वाईट दिसतं.

अण्णांचा मुलगा श्रीधर सिंगापूरला नोकरीला आहे. त्याने आईवडिलांना बोलावून घेतलं, बरोबर आत्यालाही, आणि आत्याबरोबर मी. सिंगापूर, पेनांग, फुकेत आणि परत, अशी बोटीची सफर. बाल्कनीची एकच खोली शिल्लक होती. दुसरी मिळाली ती जहाजाच्या पोटात, बिनखिडकीची. श्रीधरने आम्हांला बंदरावर सोडलं, कागद अण्णांच्या हातात दिले आणि तो कामावर गेला. कोणती खोली कुणाची हे त्याने सांगितलं नाही. त्यात सांगण्यासारखं काही आहे असं त्याला वाटलं नसावं.

इथे आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. आमची घराणी तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी कुठल्याशा फौजेबरोबर इकडे आली आणि परत जायचं राहून गेलं. मराठी घरात उरली, कन्नड दारातून आत आली, आणि आग्रहाची रीत दोन्हीकडून मिळून दुप्पट झाली. पानात होळगी, म्हणजे पुरणपोळी, वाढायची असो की मोटारीत पुढची जागा द्यायची असो, देणाऱ्याने तीनदा म्हणायचं आणि घेणाऱ्याने दोनदा नको म्हणायचं. तिसऱ्यांदा ‘सरी’ म्हणायचं, म्हणजे ठीक आहे. ज्याला खरंच द्यायचं नाही तो दुसऱ्या नकोनंतर थांबतो, आणि ज्याला खरंच घ्यायचं नाही तो पहिल्या दोन नकोंतच विषय बदलतो. अशा रीतीने कुणाचंही मन न दुखावता ज्याची वस्तू त्याच्याकडे राहते. यात जावयाला पहिल्यांदा विचारायचं असतं, मग तो जावई चौसष्ट वर्षांचा का असेना. मी चौसष्ट वर्षांचा होतो.

जहाजात शिरताना रांग होती. रांगेत सगळ्यांना गळ्यात एक रबरी कडं अडकवून फोटो काढत होते. माझे गुडघे दुखत होते. खोल्यांच्या किल्ल्या म्हणून प्लास्टिकचे दोन पत्ते मिळाले, ते अण्णांनी घेतले, बाल्कनीचा वर धरला आणि म्हणाले,

“वासुदेवराव, बाल्कनी तुम्ही घ्या.”

मी म्हणालो, “सरी.”

आणि पत्ता घेतला.

अण्णांचं तोंड दुसऱ्यांदा म्हणण्यासाठी उघडलेलं होतं, ते तसंच राहिलं. वहिनींनी पिशवी उघडून आत काहीतरी शोधायला सुरुवात केली. पिशवीत काही शोधण्यासारखं नव्हतं, हे मला त्या दिवशीही माहीत होतं. खोलीचं दार लागल्यावर शालिनी म्हणाली,

“एकदा तरी नको म्हणायचं होतं.”

“अण्णा घ्या म्हणाले.”

“म्हणणारच. म्हणणं त्यांचं काम. नको म्हणणं आपलं.”

“मग आता परत करू?”

“आता कसं परत करणार? जेवून उठलेल्या माणसाने पोळी परत करावी तसं होईल ते.”

मी बाल्कनीत गेलो. दोन खुर्च्या, एक लहान टेबल, छातीपर्यंत कठडा, आणि त्यापलीकडे सिंगापूर मागे सरकत होतं. फार छान होतं. मी थोडा वेळ बसलो आणि आत येऊन झोपलो.

बोटीतल्या बाल्कनीविषयीचा माझा पहिला सल्ला असा असतो, की खुर्चीवर बसण्याआधी ती ओल्या फडक्याने पुसावी, तिच्यावर मीठ असतं. हा सल्ला खरा आहे आणि माझा स्वतःचा आहे. माझी पांढरी पँट त्या रात्रीपासून पांढरी राहिली नाही.

समुद्रावर

पहिल्या रात्री जेवणाआधी आम्ही अण्णांची खोली बघायला गेलो होतो. चौकोनी, स्वच्छ, दिव्यांनी भरलेली. समोरच्या भिंतीवर जाड मखमली पडदा होता, खिडकी असावी तसा. वहिनींनी दोरी ओढून पडदा उघडला. मागे भिंत होती. त्या जरा वेळ भिंतीकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या,

“आपलंच घर.”

अण्णा हसले. मीही हसलो. हसण्यात माझा आवाज सगळ्यांत मोठा होता.

सकाळी दारावर टकटक झाली. मी पांघरुणात होतो. शालिनीने दार उघडलं तर वहिनी, न्हालेल्या, हातात पिळलेली हिरवी इरकल साडी. वहिनी रोज मडीने स्वयंपाकाला लागतात, म्हणजे धुतलेलं, कुणी न शिवलेलं वस्त्र नेसून. जहाजावर स्वयंपाक करायचा नव्हता, पण पूजेची लहानशी पेटी बरोबर होती.

“स्वल्प जागा पाहिजे, भावजी. आत वारा नाही. साडी वाळत नाही.”

“या की, वहिनी,” मी पांघरुणातून म्हणालो आणि कूस बदलली.

त्या बाल्कनीत गेल्या. आमच्या बेंगळूरच्या घरांत गच्चीच्या कठड्यावर साडी टाकतात तशी त्यांनी ती टाकली, पदराची बाजू आत, दुसरी बाहेर. समुद्राचा वारा त्यांनी हिशेबात धरला नव्हता. साडी उघडली आणि मजला ओलांडून खालच्या बाल्कनीत गेली. तिथे एक गोरा म्हातारा चहा पीत बसला होता. तो न्यूझीलंडचा असल्याचं आणि त्याच्याकडे मेंढ्या असल्याचं नंतर कळलं. त्याने कप खाली ठेवला, दोन्ही हातांनी साडीचं टोक धरलं आणि वर बघत उभा राहिला. ओढायची की सोडायची हे त्याला कळेना. वहिनींनाही ते सांगता येईना. दोघं एकमेकांकडे बघत, मधे सबंध इरकल, असे बराच वेळ उभे होते.

शेवटी खोली झाडणारा पोरसवदा इसम आला. तो फिलिपिन्सचा होता. त्याने इंग्रजीत, अतिशय अदबीने सांगितलं की जहाजावर बाहेरून दिसेल असं कापड फक्त कप्तानाच्या परवानगीने लागतं, कारण दुसरी जहाजं त्याचा काहीतरी अर्थ लावतात. एव्हाना मी उठून दाराशी आलो होतो. हिरव्यावर लाल काठ याचा अर्थ काय होतो, हे मी विचारलं. ते त्याला माहीत नव्हतं, पण काहीतरी होत असणार असं त्याचं म्हणणं पडलं.

साडी वर ओढून घेतली. शालिनीने हळूच विचारलं, “वैनी, त्याने शिवली की. मडी गेली ना?”

वहिनींनी विचार केला.

“समुद्रावर मोडत नाही म्हणतात.”

“कोण म्हणतं?”

“आत्ता मीच म्हणाले की.”

साडी त्यांनी कठड्याच्या आत दोन खुर्च्यांच्या पाठींवर पसरली आणि ती वाळेपर्यंत तिसरी जागा नसल्यामुळे उभ्या राहिल्या. मी पुन्हा झोपून जागा झालो तेव्हा सूर्य बराच वर आला होता आणि त्या अजून उभ्या होत्या. दुसऱ्या दिवशीही तसंच. साडी वाळायला एवढा वेळ का लागतो, हा प्रश्न मला त्या वेळी पडायला हवा होता.

तेव्हा हेही इथेच नोंदवतो. मी त्या सबंध प्रवासात एकही सूर्योदय पाहिलेला नाही. मलाक्काच्या सामुद्रधुनीत पाणी आधी राखी, मग चिंचेच्या कोळासारखं, मग एकदम पितळी होतं, असं मी आजवर ज्यांना ज्यांना सांगितलं त्यांची मी क्षमा मागतो. पाणी तसं होत असेलच. पण कोळाची उपमा यशवंतपूरची आहे, जयनगरची नव्हे.

जेवणाची कथा थोडक्यात सांगतो. शाकाहारी म्हटलं की ते लोक आनंदाने भाजी आणत आणि तिच्यात माशाचा रस्सा असे. त्यांच्या मते मासा दिसत नसला की तो नसतो. वहिनींनी मोठ्या डब्यात चटणीपुडी आणि चिंचगुळाचा घट्ट गोज्जू आणला होता. न्याहारीच्या टेबलावरून दही, दुपारच्या टेबलावरून भात, असं गोळा करून आम्ही चौघं आमच्या, म्हणजे मी घेतलेल्या, बाल्कनीत दहीभात खायचो. खुर्च्या दोनच. जावई म्हणून एक मला, वडील म्हणून दुसरी अण्णांना. बायका उंबऱ्यावर. उंबऱ्यावरून कठड्याच्या फटीतून समुद्राची एक पट्टी दिसते, असं शालिनीने नंतर मला सांगितलं.

पेनांग

पेनांगला उतरलो. गाव ओळखीचं वाटलं. दुकानांच्या पुढे खांबांचे ओटे, वर राहती घरं, खाली तांदळाची पोती. आमच्या शिवाजीनगरच्या बाजारातून माणसं काढून चिनी माणसं ठेवली तर साधारण असं दिसेल. डोंगरावर जाणारी एक आगगाडी आहे, ती इतकी सावकाश चढते की मधल्या स्टेशनावर अण्णांनी उतरून चालण्याचा विचार बोलून दाखवला. वर गार हवा होती आणि ती हवा दाखवण्यासाठी आम्हांला आणल्याबद्दल वाटाड्याला फार अभिमान होता. बेंगळूरच्या माणसांना गार हवा दाखवणं म्हणजे काय, ते त्याला कुणी सांगितलं नव्हतं. आम्ही वाहवा केली. रस्त्यावर केळ्याची भजी मिळाली, ती मी दोन पुडे खाल्ली. ही भजी पुढे पुराव्यात येतात.

खाली गावात एक जुनं देऊळ होतं, दाराशी तमिळ फुलवाली. वहिनी मोगरा घ्यायला थांबल्या. वहिनींना तमिळ बऱ्यापैकी येतं, यशवंतपूरच्या बाजारात न येऊन चालत नाही. मी दोन पावलं मागे चपला शोधत होतो. मलाही ती भाषा कळते, बोलता येत नाही.

फुलवाली विचारत होती, कुठल्या गावच्या, कशानं आलात. वहिनींनी जहाज दाखवलं, देवळाच्या गल्लीच्या टोकाला ते इमारतीसारखं उभं होतं.

“एवढं मोठं! मग खोलीतून समुद्र दिसत असेल ना, अम्मा?”

“दिसतो की,” वहिनी म्हणाल्या. “पडदा उघडला की दिसतो.”

फुलवालीने एक वीत मोगरा जास्त मोजून दिला. वहिनींनी तो तिथेच केसांत माळला आणि वळल्या. मी चपला मिळाल्याचं दाखवलं. एक चप्पल दुसऱ्याची होती, हे मला जहाजावर गेल्यावर कळलं.

पुन्हा समुद्रावर

त्या संध्याकाळी मी अण्णांना जहाजाच्या वरच्या मजल्यावर एका बाकावर गाठलं.

“अण्णा, खोल्या बदलू या. बाल्कनी तुम्ही घ्या.”

“छे छे, नको.”

“घ्या हो, अण्णा.”

“नको म्हणतो ना.”

दोन झाले होते. मला बरं वाटलं. मी तिसऱ्यांदा, अगदी मनापासून म्हणालो, “माझ्यासाठी म्हणून घ्या.”

“वासुदेवराव,” अण्णा म्हणाले, “जावयाला दिलेलं परत घेत नाहीत. आमच्या घरात नाही. कुणाच्याच घरात नाही.”

“पण वहिनींना आवडलं असतं.”

“तिचं काय, तिला सवय आहे,” अण्णा म्हणाले, आणि जहाजाच्या धुराड्याकडे बघू लागले.

अण्णा सज्जन माणूस. एकदा दिलेला भाव ते बाजार पडला तरी बदलत नाहीत. मी परत आलो आणि शालिनीला सांगितलं. ती म्हणाली, “तो घेणार नाहीच. त्याला घ्यावंच लागेल असं काहीतरी झालं पाहिजे.” काय, ते तिला सुचलं नाही. मलाही नाही. ते सकाळी आपोआप झालं.

सकाळी वहिनी साडी वाळवून गेल्यावर मी पंचा आणि बनियन अशा वेषात बाल्कनीत जाऊन बसलो. शालिनी कॉफी आणायला निघाली आणि जाताना सवयीने तिने काचेच्या दाराची कडी आतून लावली. आमच्या जयनगरच्या घरी बाल्कनीचं दार उघडं राहिलं तर माकडं आत येतात आणि केळी नेतात. वीस वर्षं ती खोली सोडताना ती कडी लावत आली आहे. मलाक्काच्या सामुद्रधुनीतही तिने ती लावली. मग कॉफीच्या रांगेत तिला धारवाडकडची एक बाई भेटली.

आमची बाल्कनी जहाजाच्या उजव्या बाजूला होती, आणि जाताना ती बाजू पूर्वेला असते. सकाळी सगळं ऊन तिथे. काच ठोकली, आत कुणी नव्हतं. कठड्यावरून वाकून मी हाक मारली. खालचा न्यूझीलंडचा म्हातारा बाहेर आला, त्याने वर बघितलं, मला ओळखलं, आणि दोन्ही हात पुढे करून, काहीतरी खाली येईल म्हणून, तयारीत उभा राहिला. मी काही टाकत नाही हे त्याला पटायला वेळ लागला. मग तो आत गेला आणि त्याने बहुधा फोन केला. तो फिलिपिनी इसम आला तेव्हा खोलीत शालिनी, अण्णा आणि वहिनी एकदमच शिरत होते. सगळ्यांनी मला काचेतून पाहिलं. मी लाल झालो होतो आणि एका हाताने कठडा धरला होता.

“काय झालं हो?” अण्णांनी दार उघडून विचारलं.

मला तहान लागली होती, एवढंच झालं होतं. पण अण्णांच्या चेहऱ्यावर खरी काळजी होती, आणि त्यांच्या मागे वहिनी होत्या. मी म्हणालो,

“गरगरतंय. पाणी हललेलं बघवत नाही.”

हे अगदी सहज तोंडून गेलं, त्या दिवशीच्या ‘सरी’सारखंच. अण्णांनी मला धरून पलंगावर बसवलं. त्या फिलिपिनी इसमाने सांगितलं, जहाजाच्या मध्यावरच्या खोल्या कमी हलतात, तुमची दुसरी खोली त्यासाठी उत्तम. अण्णा एक क्षण थांबले. दिलेलं परत घेणं वेगळं आणि पाहुण्याचा जीव घाबरा होत असताना त्याला चांगल्या जागी नेणं वेगळं. हे त्यांनी मनात नीट वेगळं करून घेतलं आणि स्वतः माझी पेटी उचलली.

वहिनींनी माझ्याकडे एकदा बघितलं, चिंचेचा गोळा घ्यायच्या आधी हातात धरून बघतात तसं.

फुकेत आणि परत

त्यानंतरचा सगळा प्रवास मी आजारी होतो. खोटं एकदा बोलता येतं, पण गरगरणं दिवसभर करावं लागतं. मला सुका टोस्ट आणि आल्याचा काढा मिळू लागला. फुकेतला बाकीचे होडीतून बेटं बघायला गेले, मला किनाऱ्यावर छत्रीखाली एक शहाळं देऊन बसवलं. शेवटच्या आदल्या रात्री मोठं जेवण होतं, त्यात बर्फाचा हंस आणि अठरापगड गोड पदार्थ होते, असं ऐकतो. माझ्या ताटलीत अण्णांनी स्वतः एक उकडलेला बटाटा ठेवला.

खोलीत मी पडदा उघडून पाहिला. भिंत तशीच होती. दिवा मालवल्यावर सकाळ झाली की नाही हे कळायला दुसरा मार्ग नव्हता. शालिनी म्हणाली, “आता कळलं?” मी म्हणालो, “कळलं.” तिने तो विषय पुन्हा काढला नाही, आणि इथे ती माझ्यापेक्षा मोठी ठरली हे लिहायला हरकत नाही.

न्याहारीला वहिनी येत आणि माझ्या टोस्टसमोर बसून सांगत. यशवंतपूरच्या त्या घरात मी त्यांना कधी चार वाक्यं सलग बोलताना ऐकलं नव्हतं. ऐकायला बसलोच नव्हतो, हे जास्त खरं.

“खुर्ची पुढं तोंड करून ठेवू नये, भावजी. पुढं नुसता वारा, डोळ्यांत पाणी येतं. मागं तोंड करावं. जहाजानं केलेली वाट दिसते. पांढरी. लांबपर्यंत मोडत नाही.”

“बरं.”

“दार उघडं टाकून बसू नये. आतलं थंडपण जातं आणि गादी दमट होते. एक तर आत, एक तर बाहेर. बाहेरच बसावं.”

“झोप?”

“झोप काय, यशवंतपूरला येते की.”

त्यांनी सांगितलं, फुकेतजवळ पाण्यातून सरळ वर आलेले खडक आहेत, गुळाच्या ढेपा उभ्या करून ठेवाव्यात तसे, आणि त्यांच्या डोक्यावर झाडं. जहाज वळल्यावर तीच बाल्कनी पश्चिमेला येते, म्हणजे जाताना उगवतं बघितलं तर येताना मावळतं फुकट मिळतं. मासे पाण्यातून उडतात, पण आपण बोट दाखवलं की थांबतात. आणि अण्णा. अण्णा पहिल्या दिवशी पेपर वाचत बसले, दुसऱ्या दिवशी पेपर नव्हता म्हणून समुद्राकडे बघितलं, आणि मग म्हणाले, “इंदू, किती पाणी आहे गं.” त्यांनी बऱ्याच वर्षांत वहिनींना नावाने हाक मारली नव्हती. हे वहिनी सांगत असताना शालिनी चमचा शोधायला टेबलाखाली वाकली.

उतरण्याच्या आदल्या दुपारी माझ्या दारावर टकटक झाली. वहिनी होत्या. हातात त्यांच्या डब्यातल्या चकल्या आणि कोडबळी, कागदात बांधलेली.

“हे घ्या, भावजी. गरगरणाऱ्याला हे चालतं.”

“नको, वहिनी. पोटात राहणार नाही.”

“राहतं. केळ्याची भजी राहिली तर हे राहतं.”

त्या गेल्या. मी पडदा लावून घेतला आणि सगळं खाल्लं.

जयनगर

परत आल्यावर आमच्या मंडळाने प्रवासावर बोलायला बोलावलं. बिनखिडकीच्या खोलीवर व्याख्यान कुणी ऐकत नाही. मी बाल्कनीवर बोललो. राखी पाणी, पितळी पाणी, गुळाच्या ढेपा, पांढरी वाट. सगळं ‘मी पाहिलं’ म्हणून. वहिनी दुसऱ्या रांगेत बसल्या होत्या आणि मधून मधून मान हलवत होत्या, शाळेतल्या मुलाला कविता नीट येते आहे ना, हे बघावं तशा. टाळ्या चांगल्या पडल्या. त्यानंतर लोक यायला लागले, आणि मी आराखडे काढायला लागलो. खुर्चीचं तोंड मागे, बाण.

दुसरीकडे नातेवाईकांत मी गरगरणारा माणूस झालो. लग्नाच्या बसमध्ये मला पुढची जागा आणि हातात आल्याचा तुकडा मिळतो. म्हणजे ज्यांना मी आजारी म्हणून माहीत आहे ते मला बाल्कनीबद्दल विचारत नाहीत, आणि जे बाल्कनीबद्दल विचारतात त्यांना मी आजारी होतो हे माहीत नाही. दोन्ही खोटं आहे. मी ठणठणीत आहे आणि मला समुद्राबद्दल काही माहीत नाही. ज्यांच्याकडे माझा आराखडा आहे त्यांनी तो वापरावा, तो बरोबर आहे, फक्त खाली नाव इंदिरावहिनींचं घालावं.

हे वहिनींच्या कानावर घालून मगच लिहावं म्हणून गेल्या रविवारी यशवंतपूरला गेलो. अण्णांनी आनंदाने बातमी दिली. श्रीधरने पुन्हा त्याच सफरीच्या दोन खोल्या घेतल्या आहेत, एक बाल्कनीची, एक आतली. मी म्हटलं, छान. मग मी जे सांगायला आलो होतो ते सांगितलं, सगळं, भजीसकट. अण्णा ऐकून म्हणाले, “म्हणजे गरगरत नव्हतं?” मी नाही म्हणालो. ते बशीतल्या कॉफीवर फुंकर घालत म्हणाले, “बटाटा तरी खायला नको होता.”

वहिनी स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभ्या होत्या. भिंतीला नुकताच चुना दिलेला होता.

“भावजी,” त्या वळून म्हणाल्या, “या खेपेला बाल्कनी तुम्ही घ्या.”

या वेळी मला रीत पाठ होती.

“नको, वहिनी,” मी म्हणालो.

“सरी,” वहिनी म्हणाल्या, आणि दूध बघायला वळल्या.

माझं तोंड दुसऱ्या ‘नको’साठी उघडलेलं होतं. ते मी कॉफीने बंद केलं.